करंजवाडीच्या टाकीचे ठोकळे

॥ श्री ॥

नाशिक,
दि. ३ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. वैजयंती हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

तुझे २७ जानेवारीचे पत्र काल पोहोचले. सनदी अभियंता होण्यासाठी तू पुन्हा अर्ज केला आहेस, ही वार्ता दिग्विजयने मला आठवड्यापूर्वीच दिली होती; परंतु तुझ्या या भावाच्या बोलण्यातले निम्मे माझ्या कानांपर्यंत पोहोचत नाही आणि उरलेले निम्मे तो भ्रमणध्वनीत पाहत बोलतो. तुझा आवाजही दूरध्वनीवर मला डब्यात खडे हलवल्यासारखा ऐकू येतो. तेव्हा आपला पत्रव्यवहारच बरा. पत्रात तू काय म्हणालीस, हे मला कोणाला विचारावे लागत नाही.

दोन वर्षांपूर्वी परीक्षक मंडळाने तुझा अर्ज परत पाठवला, तेव्हाचा शेरा मला अद्याप पाठ आहे: ‘संशोधन उत्तम, प्रत्यक्ष कामाच्या जबाबदारीचा पुरावा अपुरा.’ त्या शेऱ्याचा राग तुझ्यापेक्षा मला अधिक आला होता. चौदा वर्षे विद्यापीठात स्थापत्यशास्त्र शिकवणाऱ्या मुलीला पुरावा मागणारे हे कोण, असे मी त्या वेळी म्हणालो. पुढे राग निवला, तेव्हा त्यांचे म्हणणे पटले. मी पदविका घेऊन ओव्हरसियर म्हणून रुजू झालो, त्या दिवसापासून माझ्या सहीखाली काहीतरी उभे राहत होते. तू सहस्रावधी विद्यार्थ्यांना तुळई शिकवलीस. परंतु एखादी तुळई खाली आली, तर कोणाला जाब विचारायचा, या प्रश्नाचे उत्तर म्हणून आजवर तुझे नाव कोठेही लिहिलेले नाही. विद्यापीठाच्या सल्लाकेंद्रात आकडे तू काढायचे आणि त्यांखाली सही सात रस्त्यावरच्या त्या सनदी अभियंता अनिलकुमारांनी करायची, हे किती दिवस चालायचे?

या खेपेस कोणते काम दाखवणार आहेस, ते तू लिहिले नाहीस. ते आधी कळव. मुलाखत केव्हा, कोठे, तेही कळव. नापास झाल्यास पुढील तीन वर्षे अर्ज करता येत नाही, असे दिग्विजय म्हणाला. हे खरे आहे काय? माझ्या मनाला घोर लागला आहे.

तुझी आई सुखरूप आहे. नाशिकच्या भाकरीला चव नाही, हे तिचे मत कायम आहे. तुझे मागील पत्र तपासून सोबत परत पाठवीत आहे. तीनच चुका आहेत, प्रगती समाधानकारक.

घरातील लहानथोरांस आमची आठवण सांगावी.

तुझा शुभचिंतक,
मानसिंग चवरे


॥ श्री ॥

जुळे सोलापूर,
दि. १२ फेब्रुवारी २०२५

ती. स्व. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळाले, तांबड्या शाईसह. लेकीचे पत्र तपासून परत पाठवणारे वडील अख्ख्या जिल्ह्यात मलाच मिळालेले असावेत. तुमच्या नातीने, आरोहीने, ते शाळेत नेऊन दाखवले. तिच्या बाईंना तुमचा पत्ता हवा आहे. मी अजून दिलेला नाही.

दिग्विजयने सांगितले ते खरे आहे. मागच्या खेपेस नुसता अर्ज परत आला होता, पण दुसऱ्यांदा नाकारले गेले, तर पुढची संधी तीन वर्षांनी. मुलाखत १९ एप्रिलला पुण्यात आहे. तीन परीक्षक असतील, तिघेही आयुष्यभर बांधकामावर उभे राहिलेले. मी किती शोधनिबंध लिहिले, हे ते विचारणार नाहीत. एक काम, त्यात मी स्वतः घेतलेला एक निर्णय आणि तो का घेतला, एवढेच विचारणार आहेत. वर्गात साठ मुलांपुढे मी कधी अडखळले नाही, पण या तिघांचा विचार आला की पाठ असलेली उत्तरेही उलटसुलट होतात.

काम कोणते, हे मी मुद्दाम लिहिले नव्हते. बाबा, ते काम म्हणजे करंजवाडीची पाण्याची टाकी आहे. तुम्ही १९८४ साली बांधलेली.

ऑक्टोबरमध्ये ग्रामपंचायतीने विद्यापीठाकडे टाकीची तपासणी मागितली. सहा खांबांवरची लाख लिटरची टाकी, खाली सावलीत अंगणवाडी भरते. दोन खांबांच्या सळया गंजून बाहेर आल्या आहेत. सरपंच पूनमताई म्हणाल्या की पाडायची असंल तर पाडा म्हणून सांगा, पर उन्हाळ्याच्या तोंडावर नगं. मी तपासणी केली, हिशेब मांडला आणि डिसेंबरात लिहून दिले की त्या दोन खांबांना पावसाळ्यापूर्वी नव्या काँक्रीटचे वेष्टण द्यावे, बाकीचे चार ठणठणीत आहेत, तोवर टाकी पूर्ण भरण्यास हरकत नाही. सही नेहमीप्रमाणे अनिलकुमारांची, पण निर्णय माझा. मंडळापुढे मी हाच निर्णय ठेवणार आहे.

आणि तो घेता आला, तो तुमच्यामुळे. गेल्या दिवाळीत तुम्ही दिलेली मोजमापाची वही मी पानन् पान वाचली. काँक्रीट ओतताना त्याच मालाचे ठोकळे करायचे, ते अठ्ठावीस दिवसांनी प्रयोगशाळेत दाबून फोडायचे आणि किती दाबाला फुटले ते नोंदवायचे, हे मी दरवर्षी शिकवते. पण सहाही खांबांच्या ठोकळ्यांची इतकी स्वच्छ, एकही खाडाखोड नसलेली नोंद मी कोणाच्याच वहीत पाहिली नाही. ताकद वीस हवी होती, तुमचे ठोकळे तेवीस ते पंचवीसच्या दरम्यान फुटले आहेत. माझा सारा हिशेब त्यांवर उभा आहे.

ग्रामसभेसाठी केलेला मराठी अहवाल सोबत पाठवते. भाषा तेवढी तपासा. आकड्यांना हात लावू नका, ते तुमचेच आहेत.

आईला सांगा, मंगळवारच्या बाजारातून ज्वारी घेऊन ठेवली आहे. तुमचे हात डोक्यावर असू द्यावेत.

आपली,
वैजयंती


॥ श्री ॥

नाशिक,
दि. २० फेब्रुवारी २०२५

चि. सौ. वैजयंती हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

अहवाल परवा, १८ तारखेस मिळाला. भाषा तपासली. ‘सदर’ हा शब्द एकवीस वेळा आला आहे. त्यांपैकी एकोणीस खोडले. ‘च्या माध्यमातून’ हा प्रयोग अकरा ठिकाणी आहे, सर्व खोडले. पाणी नळाच्या माध्यमातून येत नसते, नळाने येते. ग्रामसभेत हा अहवाल वाचला जाणार असल्यास ‘भारवहनक्षमता’ या शब्दावर लोकांची मान डोलेल, परंतु अर्थ कोणास कळणार नाही. ‘किती ओझे पेलेल’ असे लिहावे.

एक सूचना आहे. पृष्ठ सतरावर तू लिहिले आहेस की काँक्रीटची ताकद ‘मूळ वहीतील ठोकळ्यांच्या नोंदींवरून निश्चित धरली आहे’. वाक्य निर्दोष आहे. तथापि मला असे वाटते की खांबांचे गाभे काढून तपासावेत. यंत्राने काँक्रीटचे लहानसे नळकांडे कापून काढतात आणि ते दाबून पाहतात, ही पद्धत आता सोलापुरातही सहज उपलब्ध आहे, असे मी ऐकतो. वही एक्केचाळीस वर्षांची झाली. मंडळातील जाणकार विचारतील. तू विद्वान आहेस, तुला मी काय सांगावे. परंतु परीक्षकाने विचारण्यापूर्वी आपण विचारलेले बरे.

सहाही खांबांचे काढावेत. दोनच नव्हेत.

अंगणवाडीची मुले किती आहेत, ते तू लिहिले नाहीस. तशी आवश्यकता नव्हती. सहज विचारले.

येथे उष्मा वाढला आहे. अन्नावर वासना नाही. तुझ्या सुखरूपतेचे पत्र यावे.

तुझा शुभचिंतक,
मानसिंग चवरे


॥ श्री ॥

जुळे सोलापूर,
दि. १ मार्च २०२५

ती. स्व. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

एकोणीस ‘सदर’ गेल्यामुळे अहवाल दोन पानांनी आटोपशीर झाला. ‘किती ओझे पेलेल’ हे पूनमताईंना फार आवडले. त्या म्हणाल्या की म्याडम, आता कसं आमच्या तोंडातलं लिवलंय.

गाभ्यांचे मात्र जमेल असे दिसत नाही. त्यासाठी टाकी आठवडाभर रिकामी ठेवावी लागेल. गावाला आत्ताच एक दिवसाआड पाणी आहे. आणि खरे सांगू का, गरज काय? हातोड्याच्या चाचणीत आकडे थोडे कमी आले होते. स्प्रिंगचा हातोडा पृष्ठभागावर मारतात आणि तो किती उसळतो त्यावरून अंदाज घेतात. पण टाकी झिरपते, खांब ओलसर आहेत, ओल्या पृष्ठभागावर हातोडा कमीच दाखवतो. म्हणून मी तो आकडा बाजूला ठेवला आणि वही प्रमाण मानली. अनिलकुमारसुद्धा म्हणाले की चवरेसाहेबांच्या वहीत आकडा असेल, तर तो विषय संपला. तुम्हीच तुमच्या वहीवर शंका घेता, हे त्यांना सांगितले तर ते हसतील.

अंगणवाडीत बावीस मुले आहेत. तुम्ही मुलाखतीची माझ्यापेक्षा अधिक धास्ती घेतली आहे, एवढाच याचा अर्थ. जेवत जा. मी रोज संध्याकाळी आरशासमोर उत्तरे म्हणते आणि आरोही परीक्षक होऊन मला नापास करते.

आईस नमस्कार. माया पातळ होऊ देऊ नये.

आपली,
वैजयंती


नाशिक, ६ मार्च

वैजूस आईचा आशीर्वाद.

मी बरी हाय. ह्ये बरे न्हाईत. ताप न्हाय, खोकला न्हाय, पर ताटावर बसत्यात आन अर्धी भाकरी टाकून उटत्यात. दिगूनं डाक्टरकडं न्हेलं, डाक्टर म्हनला काय झालं न्हाय. मला ठावं हाय काय झालं न्हाय, पर कायतरी हाय.

तुला पत्र लिवत्यात आन फाडत्यात. पाच फाडली. मी केर काडताना तुकडे येचले आन पिटाच्या डब्याखाली ठिवले. काल जोडून बगितले. पाचींत बी पयली वळ येकच हाय, तुला एक गोष्ट सांगावयाची आहे. त्याच्या फुडं कायबी न्हाय. पन्नास वरसं झाली लगनाला, ह्या मानसाला फुडचं वाक्य सुचलं न्हाय असं मी कदी बगितलं न्हाय.

उद्या मी ते तुकडे त्यांच्या म्होरं ठिवनार हाय. मग बगू.

पोरीला जप.

तुजी आई, मुक्ताबाई


॥ श्री ॥

नाशिक,
दि. ८ मार्च २०२५

चि. वैजयंती,

हे पत्र पुढे वाचण्यापूर्वी करंजवाडीच्या सरपंचांना दूरध्वनी कर. टाकीत एक तृतीयांशाहून अधिक पाणी राहू देऊ नये. अंगणवाडी आजच दुसरीकडे हलवावी. पत्र टपालाने येण्यास चार दिवस लागतील, म्हणून दिग्विजय याचे छायाचित्र काढून तुझ्या भ्रमणध्वनीवर पाठवीत आहे. त्यामुळे ते त्यानेही वाचलेले असेल. त्यास इलाज नाही.

तुझ्या आईने काल पाच पत्रांचे तुकडे माझ्यासमोर मांडले. बोलली असती तरी मला ऐकू आले नसते. तिने नुसते बोट ठेवले.

वहीतील ठोकळे त्या खांबांच्या मालाचे नाहीत.

त्या काळी सर्वत्र रीत अशी होती की ठोकळ्यांचा माल निराळा करायचा. सकाळी यंत्र सुरू होण्यापूर्वी धुळा मिस्त्री पत्र्यावर दुप्पट सिमेंट घालून एक घमेले माल हाताने कालवी, साच्यांत भरी, लोखंडी गजाने छान ठोशी. ते ठोकळे प्रयोगशाळेत जात आणि उत्तम फुटत. खांबांत जाई तो दुसरा माल. चैत्राचे ऊन होते. वर चढवेपर्यंत काँक्रीट घट्ट होई, म्हणून बायका घमेल्यात पाणी घालीत. मी त्यांना दोनदा अडवले, तिसऱ्यांदा अडवले नाही. धुळा मला म्हणाला की साहेब, ठोकळा म्हंजी पावण्याचं ताट, घरात रोज तसं कोन जेवतं?

पहिल्या खांबाच्या वेळी मी वरिष्ठांकडे गेलो. त्यांनी सांगितले की एक ठोकळा नापास झाला, तर काम तीन महिने थांबेल आणि गाव आणखी एक उन्हाळा विहिरीवर काढील. मी सत्तावीस वर्षांचा होतो. परत आलो, आणि वहीत आकडे लिहिले. ठोकळे खरे होते, त्यांचे आकडे खरे होते. फक्त ते त्या टाकीचे नव्हते. खांबांतील काँक्रीटची ताकद किती होती, ते मला तेव्हा ठाऊक नव्हते आणि आजही नाही.

तू विचारशील की मग वही तुला दिली कशाला. याचे उत्तर मला सर्वांत अवघड गेले. चाळीस वर्षे लोकांनी त्या वहीचे अक्षर वाखाणले. नवे ओव्हरसियर नमुना म्हणून पाहावयास येत. तू पाटीवर मुळाक्षरे गिरवलीस तीही तिच्यातील वळणावरून. हळूहळू माझाही तिच्यावर विश्वास बसला. दिवाळीत ती तुझ्या हाती देताना मला यातले काहीही आठवले नाही. तुझ्या अहवालाचे सतरावे पान वाचताना आठवले.

तुझी मुलाखत बेचाळीस दिवसांवर आली आहे, हे मी विसरलेलो नाही. ते न विसरल्यामुळेच मी गप्प राहिलो. ‘गाभे काढावेत’ असे लिहून मला वाटले, की तू काढशील, तुला आपोआप कळेल आणि मला सांगावे लागणार नाही.

दूरध्वनी केलास, एवढे एका ओळीत कळव.

मानसिंग चवरे


जुळे सोलापूर,
दि. १६ मार्च २०२५

ती. स्व. बाबांस,
सा. न. वि. वि.

दूरध्वनी केला, हे दिग्विजयने तुम्हाला पाटीवर लिहून दाखवलेच आहे. बाकीचे लिहायला आठ दिवस लागले, कारण आधी लिहिलेली दोन पत्रे पाठवण्यासारखी नव्हती.

मी त्याच दिवशी गावात गेले. पाणी संध्याकाळपर्यंत उतरवले. अंगणवाडी मारुतीच्या देवळात हलवली. ग्रामसभा भरली. पूनमताई उभ्या राहून म्हणाल्या की डिसेंबरात भरा म्हणून तुमीच लिवून दिलंय, आता नगं म्हणून बी तुमीच सांगताय, मग आमी कंचा कागद खरा मानायचा? एक म्हातारी म्हणाली की ह्यांचं काय जातंय, ह्यांच्या घरी नळाला रोज पानी. मी सगळ्यांसमोर सांगितले की आधीचा कागद चुकीचा होता आणि चूक माझी होती. आता गावाला टँकरवर दिवस काढावे लागत आहेत. घागरी घेऊन ज्या रांगेत उभ्या असतात, त्या माझ्याकडे बघत नाहीत.

गाभे काढले. आकडे अकरा ते तेरा आले. सहाही खांबांचे. हवे होते त्याच्या निम्म्यापेक्षा थोडे अधिक.

अहवाल तुमच्या हाती १८ फेब्रुवारीला पडला आणि टाकी उतरली ८ मार्चला. मधले अठरा दिवस शंभर टन पाणी बावीस मुलांच्या डोक्यावर उभे होते. तुम्ही मुलांची संख्या विचारलीत आणि मी ती कळवली. बाबा, मी ते पत्र पुन्हा वाचू शकत नाही.

तुमच्यावरच रागावणे सोपे होते. पण सहापैकी दोन खांब कोरडे होते आणि हातोडा तिथेही कमीच उसळला होता. ते माझ्या टिपणात लिहिलेले आहे, माझ्याच अक्षरात. विद्यार्थ्याने असा आकडा बाजूला ठेवला असता, तर मी त्याला नापास केले असते. मी ठेवला, कारण वही तुमची होती.

विभागप्रमुखांना सर्व सांगितले. ते भले गृहस्थ आहेत. त्यांनी दार लावून घेतले आणि म्हणाले की हे काम अर्जातून काढून टाका, प्रयोगशाळेतली तुळईची चाचणी त्या जागी घाला, मंडळाला कळायचे कारण नाही. तुळईची चाचणी घातली, तर मागचाच शेरा पुन्हा मिळेल. टाकी ठेवली, तर जिचा पहिलाच निर्णय चुकला ती बाई म्हणून त्यांच्यासमोर बसावे लागेल. दोन्हीकडे तीन वर्षे दिसतात. माझे ठरले आहे, टाकी ठेवायची आणि झाले तसे लिहायचे.

फक्त एक विचारायचे आहे. नोंदी कोणी केल्या, हे लिहावे लागेल. ‘तत्कालीन पर्यवेक्षक’ एवढे लिहिले तरी चालेल. अहवाल मंडळाच्या दप्तरी कायम राहणार आहे. तुम्ही सांगाल तसे करीन.

आईस नमस्कार.

वैजयंती


॥ श्री ॥

नाशिक,
दि. २२ मार्च २०२५

चि. सौ. वैजयंती हिस,
आशीर्वाद. वि. वि.

‘तत्कालीन पर्यवेक्षक’ या नावाचा कोणी मनुष्य नव्हता. पुढील मजकूर अहवालास जोडावा:

‘मी, मानसिंग रामचंद्र चवरे, वय अडुसष्ट, सेवानिवृत्त उपअभियंता, असे लिहून देतो की करंजवाडी येथील टाकीच्या खांबांचे ठोकळे मी निराळ्या मालाचे करू दिले. ते तसे आहेत, हे मला नोंद करताना ठाऊक होते. धुळा मिस्त्री माझ्या आज्ञेत होता. त्याच्याकडे दोष नाही.’

सही केली आहे. दिग्विजय साक्षीदार आहे. माझ्या वरिष्ठांचे नाव घातलेले नाही. ते हयात नाहीत आणि सही त्यांची नव्हती.

आणखी एक गोष्ट आहे. ती मागील पत्रात लिहिण्याचे धैर्य झाले नाही. माझ्या देखरेखीखाली तशाच टाक्या आणखी तीन झाल्या: चिंचवाडी, मुळेवस्ती आणि तोरणतांडा. तिन्ही ठिकाणी मिस्त्री धुळाच होता आणि रीतही तीच होती. चिंचवाडीची रस्ता रुंद करताना पाडली. मुळेवस्तीच्या आणि तोरणतांड्याच्या टाक्यांत आजही पाणी चढते, असे दिग्विजयने चौकशी करून सांगितले. संबंधित खात्यास मी आज रजिस्टर पत्र पाठवले आहे आणि त्याची प्रत सोबत आहे. खाते हलण्यास वेळ लागेल. तू थांबू नकोस.

तू मला नमस्कारात ‘शिरसाष्टांग’ लिहिला नाहीस. ते योग्य केलेस.

तुझा,
मानसिंग चवरे


॥ श्री ॥

जुळे सोलापूर,
दि. २६ मे २०२५

ती. स्व. बाबांस,
सा. न. वि. वि.

मुलाखत झाली, हे तुम्हाला ठाऊक आहे. कशी झाली, ते मी आजवर लिहिले नव्हते. निकाल हाती आल्याशिवाय लिहिण्यात अर्थ नव्हता.

तिघांमध्ये मधोमध बसलेल्या गृहस्थांनी माझ्या संशोधनाची पाने न बघता उलटली आणि तुमचा जबाब उघडून समोर ठेवला. त्यांनी विचारले की वहीतली नोंद तपासल्यावाचून का मानली. मी म्हणाले की ते अक्षर मी लहानपणापासून पाहत आले होते आणि एवढे कारण पुरेसे नाही, हे मला मान्य आहे. दुसऱ्यांनी विचारले की चवरे यांनी सांगितलेच नसते, तर काय झाले असते. मी म्हणाले की टाकी आजही भरलेली असती. मग पुढचा तास त्यांनी उरलेल्या दोन टाक्यांविषयीच विचारले: आधी कोणती, पाण्याची सोय काय, लोकांना कोण सांगणार.

वीस तारखेला पत्र आले. मी उत्तीर्ण झाले आहे. नवी पेठेतून पेढे आणले, पण वाटावेसे वाटेनात, आरोहीने खाल्ले.

सनदी अभियंता म्हणून पहिली सही मी काल केली. मुळेवस्तीची टाकी वापरास अयोग्य आहे, असे लिहून त्याखाली केली. तिथेही गाभे बारा-तेराच आले. तोरणतांड्याचे काम पुढच्या आठवड्यात. करंजवाडीला जमिनीवर नवी टाकी होते आहे, पण टँकर अजून थांबलेला नाही.

मुळेवस्तीने मात्र माझा कागद घेतला नाही. टाकीखालच्या दगडावर तुमचे नाव कोरलेले आहे. उद्घाटनाला तुम्हाला घोंगडे पांघरले होते, ते तिथल्या सिद्धू अण्णांना अजून आठवते. ते म्हणतात की चवरेसाहेबांनी बांधलेली टाकी पडत न्हाय, पोरीनं कायबी लिवू द्या. साहेबांनी हितं येऊन सांगितलं तरच पानी बंद करू. मी तुमचा सही केलेला जबाब वाचून दाखवला. ते म्हणाले की कागद कुनीबी लिवतंय.

तुम्हाला ‘या’ म्हणण्याचा मला अधिकार आहे की नाही, कळत नाही. वय, प्रवास, ऊन, सगळे समोर दिसते. लोक काय बोलतील, तेही दिसते. तरी विचारते. येता का?

तुमच्या उत्तराकडे डोळे लागले आहेत.

आपली,
वैजयंती


॥ श्री ॥

नाशिक,
दि. ३१ मे २०२५

चि. सौ. वैजयंती हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

सनदेबद्दल अभिनंदन. पत्रात तसे तीन ओळींचे लिहिले होते, ते खोडले. समोर सांगेन.

गुरुवारी, पाच तारखेस, सकाळच्या गाडीने येत आहे. तुझी आई सोबत आहे. तिला येऊ नको म्हणालो, तिने स्वतःलाच ऐकू येत नाही असे दाखवून पिशवी भरली. सिद्धू अण्णांना निरोप दे की शुक्रवारी सभा बोलवावी. ती टाकीखाली भरवू नये.

काय बोलायचे, ते मी चार पाने लिहून काढले होते. काल वाचून पाहिले. भाषण उत्तम झाले आहे. ते येथेच ठेवून येत आहे. उभे राहून दोन वाक्ये बोलेन आणि खाली बसेन. मग लोकांनी विचारावे.

त्यांचे विचारणे मला ऐकू येणार नाही. म्हणून तू माझ्या शेजारी पाटी घेऊन बस आणि कोणी काय म्हणाले ते लिहून मला दाखवत जा. बायका बोलतील, तेही लिही. शिव्या देतील, त्याही लिही. त्यांचे शब्द जसे असतील तसेच असू देत. तू काही गाळलेस, तर मला त्यांच्या तोंडाकडे पाहून कळेल.

तुझ्यावरील लोभात खंड नाही. तुझा आमच्यावर राहील, तेवढा राहो.

तुझा,
मानसिंग चवरे